साच्याची रेघ

दिवसभर मी कवळ्या घासतो.
मिरजेत, हॉस्पिटलांच्या मागच्या बोळात,
शेजारी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात फिरत असतो
आणि त्यांच्या लाखेचा वास
माझ्या ॲक्रिलिकच्या वासात असा मिसळतो
की दुपारनंतर कुठला कुणाचा, सांगता येत नाही.

रात्री नऊनंतर विमान.
एकास बहात्तर. खोक्यावर लिहिलंय, मिराज.
बायको म्हणते, मिरजेत मिराज,
तुमच्याशिवाय कोण करणार!

पंख जुळले, चाकं बसली,
शेपटीवर तीन रंगांची पट्टीही नीट चिकटली.
अडलं ते वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेपाशी.
पेराएवढा घुमट,
आणि बरोब्बर मधून, नाकापासून पाठीपर्यंत,
साच्याचे तुकडे जिथे भेटले तिथली
केसाएवढी रेघ.

दीड महिना मी तिच्याकडे बघितलं नाही.
ती काढायची तर आधी
जे नितळ आहे तेच बिघडवावं लागतं.

मग आरगेचे नेमगोंडा पाटील आले,
खालची कवळी टोचते म्हणून.
एअरफोर्समधून कधीच सुटलेले, एअरफ्रेम फिटर.
बोळक्या तोंडानं फळीकडे बघून म्हणाले,
"ह्यो गडी बघणार कुठनं?
नाकासमोर तार बांधलीया की त्याच्या."

आणि मी कवळीचा टोचरा कोपरा घासेपर्यंत सांगत बसले:
काच पुसायची मऊ फ्लॅनेलनं, फुडनं मागं.
गोल फिरवलं की वॉरंट ऑफिसर बाप काढायचा.
गोल ओरखड्यात ऊन अडकतं, डोळं दिपतं.
एक ठिपका जरी ऱ्हायला,
तर वर गेल्यावर त्याचं इमान हुतं.
दुसऱ्याचं.

त्या रात्री नवं पातं उभं धरलं.
कापायचं नाही, खरवडायचं;
गाजराची साल नव्हे, गाजरावरची माती.
आतून बोटाची टेकण, नाहीतर तडा.
मग पाण्यातला कागद, हजार नंबर.
पहिल्याच हाताला काच मेली,
मोतीबिंदू पडावा तशी.

कवळीला हेच रोज करतो, तेव्हा हात कापत नाही.
कवळीतून कुणाला काही बघायचं नसतं.

दोन हजार. चार हजार. मग मलम, मग सुती चिंधी.
चार रात्री, पुढून मागं.
बोट म्हणालं, गेली.
नख म्हणालं, थोडी आहे.
मग मी जे केलं ते घरात कुणाला माहीत नाही:
जीभ लावली.
वीस वर्षं लोकांच्या जिभा माझ्या चुका शोधतात,
माझी काय फुकट आहे?
होती. शेपटीच्या अंगाला, राईएवढी.

शेवटी पातळ लॅकरमध्ये एक बुडी,
धूळ बसू नये म्हणून वर आमटीची वाटी उपडी,
आणि वाटीला कुणी हात लावायचा नाही
असं पोरांना दोनदा सांगून झोपलो.

सकाळी काच सापडेना, इतकी नितळ.
आणि तिच्या आत, इतके दिवस रेघेआड बसलेला
माझा वैमानिक:
एक खांदा रंगवायचा राहिलेला,
पट्ट्याचा काळा मानेवर ओघळलेला,
चेहऱ्याच्या जागी हिरड्यांचा गुलाबी,
नुसता थेंब.

शनिवारी पाटील आले.
कवळी घातली, काढली, खिशात टाकली.
विमान उचलून दाराशी गेले, उजेडाला धरलं.
बराच वेळ.
"काच बसवलीच न्हाईस व्हय अजून?"

मी काही बोललो नाही.
त्यांनी बोट पुढे केलं, ते टेकलं.
ठसा उमटला.

मग डोक्यावरची टोपी काढली,
आतली, धुऊन धुऊन मऊ झालेली बाजू शोधली,
आणि पुसलं.
पुढून मागं,
एकदाच.